तारखेआधी आलेली डिस्क: घेण्यापूर्वी हे बघून घ्या

नागपुरात एखादा मोठा व्हिडिओ गेम शुक्रवारी यायचा असला की बुधवारपासूनच बर्डी, सदर, धरमपेठ इथल्या गेमच्या दुकानांत एकच विचारणा सुरू होते: "भाऊ, माल आला काय?" बहुतेक वेळा आलेला असतो. काउंटरच्या मागे, तपकिरी खोक्यात, टेपसुद्धा न कापलेला. काही दुकानदार ओळखीच्या गिऱ्हाइकाला त्यातला एक नग गुपचूप काढून देतात, काही शुक्रवार उजाडेपर्यंत खोक्याला हात लावत नाहीत. ही आधी मिळणारी डिस्क घ्यावी का, घेतली तर काय तपासावं आणि घरी नेल्यावर पदरात नेमकं काय पडतं, याबद्दल बरेच गैरसमज आहेत. माझं मत आधीच सांगतो. डिस्क दोन दिवस आधी मिळाली म्हणून गेमही दोन दिवस आधी मिळाला, हे आता फार थोड्या गेमच्या बाबतीत खरं उरलं आहे. आणि ती विकताना दुकानदार जे पणाला लावतो, ते त्या दोन दिवसांच्या मानाने फार मोठं आहे.

माल तारखेआधी शहरात येतो यात चोरटं काहीच नाही. गेमची डिस्कसाठीची आवृत्ती पक्की झाली की कंपनी 'गोल्ड' झाल्याचं जाहीर करते. तिथून पुढे मास्टर, म्हणजे मूळ प्रत, कारखान्यात जातो, डिस्क छापल्या जातात, कव्हर, सील, खोकी, जहाज किंवा विमान, कस्टम, आयातदाराचं गोदाम असा प्रवास होतो. याला काही आठवडे लागतात. मुंबईकडचा माल बहुधा भिवंडीच्या पट्ट्यातल्या गोदामांतून सुटतो. समृद्धी महामार्ग 5 जून 2025 पासून पूर्ण खुला झाला. तो भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरच्या शिवमडक्यापर्यंत 701 किलोमीटर आहे, म्हणजे ट्रक न थांबता ताशी 80 ने चालला तर नऊ तासांत इकडे. पण गेमच्या खोक्यांसाठी कुणी अख्खा ट्रक लावत नाही. दहा-वीस खोकी दुसऱ्या मालाबरोबर जातात, गाडी भरेपर्यंत थांबतात, नागपूरजवळच्या वाडीला उतरतात, बिल्टी म्हणजे मालवाहतुकीची पावती निघते आणि मग टेम्पोने बर्डीत पोचतात. यातला कुठलाही टप्पा एक दिवस अडकू शकतो, म्हणून डिस्ट्रिब्युटर हाताशी दोन-तीन दिवस ठेवूनच माल सोडतो. काहीच अडलं नाही तर ते दोन-तीन दिवस दुकानदाराच्या काउंटरमागे साचतात. तारखेआधी विक्री होते ती या शिल्लक दिवसांत.

आता तारीख मुळात का पाळायची? गेमच्या जुन्या काळात तारीख असा प्रकारच ढिला होता. माल ज्या दुकानात ज्या दिवशी पोचेल त्या दिवशी विक्री सुरू. सेगा या गेम कंपनीने 'सोनिक द हेजहॉग 2' साठी 24 नोव्हेंबर 1992 हा मंगळवार ठरवला, त्याला 'सोनिक टूजडे' असं नाव देऊन जाहिरात केली आणि अमेरिका-युरोपात एकाच दिवशी गेम दुकानांत आणला. सगळीकडे एकच दिवस हा प्रघात रुजवण्यात त्या मोहिमेचा वाटा मोठा. यातून छोट्या दुकानदारालाही संरक्षण मिळतं. ज्याचं गोदाम बंदराजवळ त्यानेच आधी विकून मोकळं व्हावं असं होऊ नये, मुंबईचा दुकानदार आणि नागपूरचा दुकानदार एकाच रेषेवरून सुटावेत, हा त्यातला व्यवहार आहे. नागपूरसारख्या आतल्या शहराला तर या तारखेचा सगळ्यांत जास्त फायदा आहे. तारीख नसती तर माल आधी किनाऱ्यावरच संपला असता.

ही अट प्रकाशक, डिस्ट्रिब्युटर आणि दुकानदार यांच्यात असते. गिऱ्हाइकाने कशावरही सही केलेली नसते, त्यामुळे आधी विकत घेतली म्हणून तुम्ही काही गुन्हा केला असं होत नाही. खोक्यावर बाहेरून अमुक तारखेआधी विकू नये असं लेबल असतं ते दुकानदारासाठी. त्याने ते मोडलं आणि डिस्ट्रिब्युटरला कळलं तर पोलीस येत नाहीत. पुढच्या मोठ्या गेमचा माल त्याला थेट रिलीजच्या दिवशी दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी मिळतो, उधारी बंद होते, स्पेशल एडिशनचा कोटा कापला जातो. महिन्याला दोन-चार मोठे गेम विकून भाडं काढणाऱ्या दुकानाला एवढा मार पुरेसा असतो. आणि कळतं कसं? गिऱ्हाइकामुळेच. सील लावलेल्या कव्हरचा फोटो, मागे दुकानाची पाटी आणि वर 'नागपुरात मिळाला' अशी स्टोरी. त्या फोटोतल्या स्टिकरवर आयातदाराचं नाव असतं. त्या आयातदाराचा माल नागपुरात कोणाकोणाकडे गेला हे डिस्ट्रिब्युटरच्या वहीत लिहिलेलंच असतं.

मग तरी दुकानदार का विकतो? त्याचे पैसे आगाऊ अडकलेले असतात. पीएस5 (प्लेस्टेशन 5 कन्सोल) चा मोठा गेम 5,000 रुपयांच्या घरात जातो, तीस नग म्हणजे दीड लाख. त्यावर सुटणारं मार्जिन बारीक, आणि ऑनलाइन वेबसाइटवर पहिल्याच दिवशी सूट लागलेली असते. समोरचं गिऱ्हाईक आज नाही म्हटलं तर उद्या ऑनलाइन घेणार, ही धास्ती खरी आहे. एकाने विकलं की शेजारच्यालाही विकावं लागतं. मी त्याला दोष देत नाही, पण या साखळीतली पहिली कडी आपणच असतो, आग्रह धरणारे. दुकानदार "शुक्रवारीच देईन" म्हणाला तर त्याच्याशी घासाघीस करू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता डिस्कवर काय असतं ते बघू, कारण खरी मेख इथे आहे. पीएस4 ची ब्लू-रे 50 जीबीपर्यंतची असते, पीएस5 ची 100 जीबीपर्यंतची. गेम गोल्ड झाला त्या दिवसाची आवृत्ती तिच्यावर असते, म्हणजे 1.00. स्टुडिओचं काम मात्र त्या दिवशी थांबत नाही. पुढचे चार-सहा आठवडे दुरुस्त्या चालतात आणि त्या सगळ्या पहिल्या दिवसाच्या पॅचमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून उतरवायच्या दुरुस्तीत, येतात. 'सायबरपंक 2077' हे ठळक उदाहरण. 5 ऑक्टोबर 2020 ला गोल्ड झाल्याचं जाहीर झालं, 27 ऑक्टोबरला तारीख 19 नोव्हेंबरवरून 10 डिसेंबरवर ढकलली. डिस्क गोल्ड होऊन बसली होती आणि वाढवलेले ते एकवीस दिवस पॅचसाठीच होते. ज्याने ती डिस्क आधी मिळवून इंटरनेटशिवाय लावली, त्याला ते काम न झालेला गेम मिळाला.

काही गेममध्ये तर डिस्क ही नुसती किल्ली असते. 2022 च्या 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर 2' च्या पीएस5 डिस्कवर सुमारे 70 एमबी होते. 2025 च्या 'डूम: द डार्क एजेस' च्या डिस्कवर सुमारे 85 एमबी. बाकी सगळं डाउनलोड, आणि सर्व्हरवर ते उघडेपर्यंत डिस्क घेऊन बसायचं. 'ग्रॅन टुरिस्मो 7' मध्ये डेटा डिस्कवर भरपूर आहे, पण सर्व्हरशी जोडल्याशिवाय आर्केड शर्यती आणि म्युझिक रॅली एवढंच हाती लागतं, मुख्य करिअर उघडत नाही. निन्टेंडो स्विच 2 च्या 'गेम-की कार्ड' मध्येही गेम नसतो, डाउनलोडची परवानगी तेवढी असते. कव्हरच्या तळाशी तसं स्पष्ट छापलेलं असतं. निन्टेंडो भारतात अधिकृतपणे विकत नाही, त्यामुळे इथे मिळणारा तो माल बाहेरून आणलेला आणि बिलाविना असण्याची शक्यता जास्त. तिथे दुप्पट सावध राहा.

म्हणून आधी घेण्याचा विचार करायचाच असेल तर तो एकट्याने खेळायच्या, पूर्ण डिस्कवर असलेल्या गेमसाठीच. कव्हरच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. 'इंटरनेट आवश्यक' किंवा 'डाउनलोड आवश्यक' लिहिलेलं दिसलं तर डिस्क परत काउंटरवर ठेवा आणि रिलीजच्या दिवशी या. ऑनलाइन मॅचचा गेम असेल तर प्रश्नच मिटला. सर्व्हर बंद असेल आणि लॉबीत समोर कुणी नसेल.

घरी आणल्यावर पीएस5 मध्ये काय होतं तेही समजून घ्या. डिस्क घातली की सगळा डेटा आधी कन्सोलच्या आतल्या एसएसडी साठवणीवर उतरतो. भरलेली डिस्क असेल तर अर्ध्या तासाहून जास्त वेळ जातो. पहिल्या पीएस5 च्या 825 जीबीपैकी वापरायला सुमारे 667 जीबीच मिळतात, तेव्हा जागा आधी मोकळी करा. नंतर खेळताना डिस्क आतच लागते. तारखेचं कुलूप डिस्कवर नसतं, म्हणून गेम सुरू होतो. होमवर गेमच्या चित्रावर ऑप्शन्स बटण दाबून 'इन्फर्मेशन' मध्ये आवृत्ती बघा आणि त्याच मेनूतून 'चेक फॉर अपडेट' करा. पहिल्या दिवसाचा पॅच कित्येकदा दोन-तीन दिवस आधीच सर्व्हरवर चढलेला असतो. तो मिळाला तर आधी तो घ्या, मग खेळा. नाही मिळाला आणि तरी खेळायचंच असेल, तर प्रगतीच्या मधोमध पॅच येऊन आदळेल हे धरून चाला. आपोआप अपडेट थांबवायचं असेल तर सेटिंग्जमध्ये 'सेव्ह्ड डेटा अँड गेम/अ‍ॅप सेटिंग्ज', त्यात 'ऑटोमॅटिक अपडेट्स'. स्लिम मॉडेलला वेगळा घेतलेला डिस्क ड्राइव्ह लावताना एकदा इंटरनेटवर जोडणी करून घ्यावीच लागते, त्याशिवाय तो डिस्क वाचत नाही.

सेव्हची गोष्ट सगळ्यांत जास्त दुर्लक्षित आहे. पीएस4 गेमचे सेव्ह यूएसबीवर काढता येतात. पीएस5 गेमचे तसे सुटे येत नाहीत, ते क्लाउडवर जातात आणि त्यासाठी पीएस प्लस या सोनीच्या सशुल्क सेवेचं सदस्यत्व लागतं. आता विचार करा. स्पॉयलर (कथानक आधीच कळणं) टाळायला किंवा पॅच टाळायला तुम्ही नेट बंद करून 1.00 खेळताय. म्हणजे क्लाउडवर काहीच जात नाही, आणि सेव्ह खराब होण्याची शक्यता नेमकी याच आवृत्तीत सर्वांत जास्त. जुन्या आवृत्तीचा सेव्ह नव्या पॅचमध्ये सहसा चालतो, पण 1.00 मध्ये एखादा क्वेस्ट (गेममधली कामगिरी) अडकला असेल तर तो अडकलेला सेव्हच पुढे जातो. उपाय सोपा आहे. एकाच स्लॉटवर अवलंबून राहू नका, गेम देत असेल तर दर तासाला वेगळ्या स्लॉटमध्ये हाताने सेव्ह करा.

दुकानात पैसे देताना बघायच्या गोष्टी वेगळ्या. पहिली एमआरपी. 'आज पाहिजे तर पाचशे जास्त' असं कुणी म्हणत असेल तर सरळ नाही म्हणा. छापील किमतीच्या वर विकणं वैध मापनशास्त्राच्या (वजनमापांच्या) नियमांत बसत नाही, मग तारीख कुठलीही असो. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे आणि वैध मापनशास्त्र विभागही आहे. दुसरी गोष्ट स्टिकर. अधिकृत आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा क्रमांक असलेलं लेबल चिकटवलेलं असतं. ते नसेल तर तो माल दुसऱ्या वाटेने आलाय. मग कव्हरवरची वयाची खूण बघा. रंगीत चौकोनात आकडा असेल तर तो युरोपचा पेगी, काळ्या-पांढऱ्या चौकटीत इंग्रजी अक्षर असेल तर तो अमेरिकेचा ईएसआरबी. पीएस4-पीएस5 ची डिस्क जगात कुठलीही असो, चालते. पण नंतर विकत घ्यायचं डीएलसी, म्हणजे गेमला जोडायचा जादा भाग, डिस्कच्या विभागाशी जुळावं लागतं, आणि भारतीय प्लेस्टेशन खातं युरोपच्या गटात येतं. अमेरिकन डिस्क आणि भारतीय खातं असेल तर पुढच्या वर्षी येणारं एक्सपान्शन त्या डिस्कवर लागणार नाही. हे कळतं तेव्हा डिस्क वापरलेली असते आणि दुकानदार ती नवीन म्हणून परत घेत नाही.

सील नीट बघा. कारखान्याचं प्लास्टिक कडांना घट्ट, घड्या सरळ आणि दोन्ही टोकांना सारख्या. हीट गनने परत सील केलेल्या बॉक्सवर कोपऱ्यात सैल पापुद्रा, बारीक फुगे किंवा कडेने वितळल्याची रेघ दिसते. पीएस4-पीएस5 ची बनावट डिस्क साध्या कन्सोलवर चालतच नाही, त्यामुळे भीती बनावट डिस्कची नाही. भीती आहे ती आतला प्री-ऑर्डर बोनसचा कोड कुणीतरी आधीच वापरलेला असण्याची. तो कोड तारखेआधी सक्रिय नसतो असंही होतं, म्हणून 'कोड चालत नाही' असं दिसलं तर लगेच दुकानात भांडायला जाऊ नका, रिलीजनंतर पुन्हा टाकून बघा.

आणि बिल. तारखेआधी विकणारा दुकानदार बहुधा म्हणतो, "पक्कं बिल शुक्रवारी घेऊन जा." ठीक आहे, पण मधल्या दिवसांसाठी हातात काहीतरी असू द्या. यूपीआयने पैसे द्या म्हणजे तारीख आणि रक्कम नोंदली जाते, आणि नोटमध्ये गेमचं नाव लिहा. डिस्कच्या खालच्या बाजूला ओरखडा निघाला किंवा इन्स्टॉल मध्येच अडकून एरर आला तर बदलून मागायला हाच पुरावा. शुक्रवारी जाऊन पक्कं बिल घ्यायला मात्र विसरू नका, त्याशिवाय पुढे ग्राहक आयोगात तुमची बाजू लंगडी पडते.

कंपन्या एवढ्या कडक का, याचं उत्तर निन्टेंडो स्विचच्या एका कार्ट्रिजमध्ये आहे. 'झेल्डा: टीअर्स ऑफ द किंगडम' 12 मे 2023 ला यायचा होता. मेच्या सुरुवातीलाच गेमची रॉम फाइल, म्हणजे कार्ट्रिजमधल्या गेमची नक्कल, इंटरनेटवर आली. दुकानातून सुटलेला एक नग आतून फेरफार केलेल्या कन्सोलवर वाचला की एवढं व्हायला पुरतं. तारखेआधीच 10 लाखांहून जास्त बेकायदा डाउनलोड झाले असा निन्टेंडोचा दावा होता. फेब्रुवारी 2024 मध्ये त्यांनी 'युझु' या एम्युलेटरच्या (कन्सोलचे गेम संगणकावर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) निर्मात्यांवर खटला भरला आणि मार्चमध्ये 24 लाख डॉलरवर तो मिटला. शिवाय कथानक फुटण्याचा त्रास वेगळाच. 'गॉड ऑफ वॉर: रॅग्नारॉक' 9 नोव्हेंबर 2022 ला येणार होता, परीक्षणांवरची बंदी 3 नोव्हेंबरला उठणार होती, आणि ऑक्टोबरच्या अखेरीसच एका विक्रेत्याने डिस्क विकल्या. त्याआधीच्या 'गॉड ऑफ वॉर' चे दिग्दर्शक कोरी बार्लोग यांनी जाहीरपणे संताप व्यक्त केला. चार-पाच वर्षं शेकडो माणसांनी जपलेला शेवट कुणीतरी फोनने शूट करून टाकतो, याचा राग येणं मला पूर्ण पटतं.

तेव्हा डिस्क आधी मिळालीच तर ती घरात खेळा. व्हिडिओ टाकू नका, लाइव्ह जाऊ नका. प्रकाशक तारखेआधीचे व्हिडिओ कॉपीराइटच्या नोटिशीने उतरवतात आणि यूट्यूबवर 90 दिवसांत तीन स्ट्राइक म्हणजे चॅनेल बंद. मित्रांच्या ग्रुपवर शेवट सांगण्याचा मोह तर आवराच.

ज्यांना खरंच आधी खेळायचंय त्यांच्यासाठी राजरोस वाटा आहेत, आणि दोन्हीत पॅच आलेला असतो, सर्व्हर चालू असतात. एक म्हणजे महाग डिजिटल एडिशनबरोबर मिळणारा अर्ली अ‍ॅक्सेस. 'हॉगवर्ट्स लेगसी' असा 10 फेब्रुवारी 2023 ऐवजी 7 ला मिळाला, 'स्टारफील्ड' 6 सप्टेंबर 2023 ऐवजी 1 ला. तीन-पाच दिवसांसाठी हजार-दोन हजार जास्त मोजायचे का हा ज्याचा त्याचा प्रश्न. त्या एडिशनमध्ये पुढचं डीएलसी असेल तरच मी ते पैसे योग्य मानतो. दुसरी वाट एक्सबॉक्सवाल्यांची. जे गेम स्थानिक मध्यरात्री उघडतात त्यांच्यासाठी कन्सोलच्या सेटिंग्जमध्ये 'लँग्वेज अँड लोकेशन' मधलं ठिकाण न्यूझीलंड करा आणि कन्सोल रीस्टार्ट करा. न्यूझीलंडची मध्यरात्र आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला होते, आणि सप्टेंबरअखेरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत तिकडची घड्याळं पुढे असल्याने साडेचारला. गेम आधी डाउनलोड करून ठेवलेला हवा. जगभर एकाच क्षणी उघडणाऱ्या गेमसाठी ही युक्ती चालत नाही, तेव्हा प्रकाशकाने दिलेला उघडण्याच्या वेळांचा नकाशा आधी बघा.

शेवटी अ‍ॅडव्हान्सबद्दल, कारण 'जीटीए 6' मुळे बर्डीत ही चौकशी आतापासून होते आहे. त्याची निर्माती कंपनी रॉकस्टारने जाहीर केलेली तारीख 19 नोव्हेंबर 2026, गुरुवार. आधी ती 26 मे 2026 होती, म्हणजे तारीख हलू शकते हे समोर आहेच. दुकानदाराकडे नाव नोंदवताना पूर्ण रक्कम देऊ नका, हजार रुपये पुरे. पावतीवर कन्सोल, एडिशन, ठरलेली किंमत आणि तारीख पुढे गेली किंवा डिस्क निघालीच नाही तर किती दिवसांत पैसे परत, एवढं त्याच्या हाताने लिहून घ्या आणि खाली दुकानाचा शिक्का मारून घ्या.